चिकूच्या सावलीतली सुट्टी

मे महिन्यात समुद्रकाठी जाऊन राहायचे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. उन्हाळा असह्य झाला की इंग्रज साहेबाने डोंगर गाठला. महाबळेश्वर आणि माथेरान ही त्याची ठिकाणे. त्याच्या मागोमाग इथले संस्थानिक, शेटसावकार आणि पुढे वकील-डॉक्टरही तिथे गेले. ज्यांना डोंगर परवडत नव्हता, त्यांची सुट्टी आजोळी गेली. समुद्राची हवा डॉक्टर सुचवत ती दुखणाईतांना, आणि तिला शब्दही वेगळा होता : हवापालट. घामाने अंगाला कपडा चिकटावा अशा दिवसांत धडधाकट माणसाने मुलाबाळांसह कोकणपट्टीत चार दिवस मौजेसाठी जावे, याला आपल्या आजोबांनी वेडेपणा म्हटले असते.

तरीही मुंबई आणि तिच्या उपनगरांतील कुटुंबे मे महिन्यात डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात जातात, दोन-तीन रात्री राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. ही सुट्टी उभी कशावर आहे, याचा शोध घेताना समुद्रापेक्षा जमिनीकडे अधिक पाहावे लागते, आणि किनाऱ्यावरून आत तलासरीच्या डोंगराळ मुलखापर्यंत जावे लागते.

दिवस वाडीत, संध्याकाळ किनाऱ्यावर

इथे आलेले कुटुंब दिवस कसा घालवते ते पाहिले की पहिले उत्तर मिळते. किनाऱ्यावर माणसे दिसतात ती सूर्य वर येण्याआधी आणि कलल्यानंतर. किनारा उथळ आणि सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके मागे सरते की समोर ओल्या, काळपट वाळूचे मैदान उरते. त्यावर मुले क्रिकेट खेळतात, थोरले चालायला जातात. उरलेला सगळा दिवस, म्हणजे सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, जातो तो वाडीत. झाडाखाली टाकलेली खाट, विहिरीचे पाणी, ताडगोळे, जेवणानंतरची झोप, पत्त्यांचा डाव. आलेला माणूस ‘समुद्रावर गेलो होतो’ असे सांगतो, पण त्याने अधिक तास काढलेले असतात ते चिकूच्या सावलीत.

चिकू सदाहरित झाड आहे. त्याची पानगळ एकदम होत नाही, फांद्या आडव्या पसरतात आणि पानांचा घेर दाट असतो. आंब्याची सावली उंच असते. चिकूची सावली माणसाच्या डोक्याशी येते. फळ थोडेफार वर्षभर येते आणि त्याचे बहार ठरलेले असतात. म्हणजे सुट्टीसाठी लागणारी सावली, हिरवेपणा आणि हाताला लागणारे फळ हे तिन्ही एकाच झाडाने पुरवले. युरोपच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॉटेलाला छत्र्या आणि पोहण्याचे तलाव बांधावे लागतात. इथे ते काम बागेने आधीच करून ठेवले होते. आजची बरीच निवासस्थाने ही मूळची वाड्यांमधली घरे आहेत. एक-दोन खोल्या वाढवल्या, न्हाणीघरे बांधली, फाटकावर पाटी लावली, की झाले ‘रिसॉर्ट’. राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले २०२० साली. या पट्ट्यात ती रीत त्याच्या कितीतरी आधीपासून रुजली होती.

सुट्टी हा कायद्याचा शब्द

सावली आधीपासून होती. तिच्यात बसायला येणारा माणूस मात्र नंतर तयार झाला. त्यासाठी दोन गोष्टी लागल्या : पगारी रजा आणि आगगाडी.

फ्रान्सच्या भूमध्य सागरी किनाऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. रिव्हिएरा म्हणून ओळखला जाणारा तो किनारा एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यातले ठिकाण होता. उत्तर युरोपातील श्रीमंत थंडी चुकवायला तिथे जात आणि ऊन तापू लागले की परतत. विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत हे चक्र उलटले आणि उन्हाळा हाच हंगाम झाला. पुढे जून १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी रजा देणारा कायदा झाला आणि श्रीमंतांच्या किनाऱ्याकडे कामकरी कुटुंबांचे डोळे लागले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने पगारी रजेविषयीचा करार केला. त्यात शेतमजूर धरलेले नव्हते. त्यांच्यासाठी निराळा करार यायला १९५२ उजाडले. सोळा वर्षांचे हे अंतर लक्षात ठेवावे, कारण डहाणूच्या सुट्टीतही ते पुन्हा दिसते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. केंद्र सरकारी नोकरांसाठी रजा प्रवास सवलत १९५६ मध्ये आली. गिरणी, रेल्वे, बँक, विमा, सरकारी कचेरी यांत नोकरी करणाऱ्या मराठी आणि गुजराती कुटुंबांना मुलांच्या शाळेची सुट्टी आणि आपली रजा एकमेकींशी जुळवता येऊ लागली ती या काळात. ‘मे महिन्याची सुट्टी’ हे आता ऋतूचे नाव वाटावे इतके अंगवळणी पडले आहे. तिच्या मुळाशी हजेरीपत्रक आहे.

दुसरी गोष्ट आगगाडी. मुंबईहून गुजरातकडे जाणारी बी. बी. सी. आय. कंपनीची लाइन १८६० च्या दशकात या भागातून गेली. जुने डहाणू गाव खाडीच्या तोंडाशी. लाइन गेली त्याच्या पूर्वेकडून, म्हणून स्टेशनाचे नाव ‘डहाणू रोड’ पडले. घोलवडचे स्टेशन तर किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चर्चगेटहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, गाडी बदलण्याची यातायात न करता, मुले आणि वळकट्या घेऊन उतरता येईल असा किनारा मुंबईकराला दुसरा नव्हता. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि सुट्टीचे हे गाव मुंबईच्या लोकल-नकाशात आले.

सावली कोणी लावली

चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला. त्याच्या झाडाच्या चिकापासून तिथले लोक चघळण्याचा डिंक करीत. आजच्या च्युइंग गमचा तो पूर्वज. महाराष्ट्रात घोलवडला १८९८ साली त्याची लागवड झाल्याची नोंद फलोत्पादनावरील लिखाणात सापडते. खाऱ्या वाऱ्याची, रेताड जमिनीची आणि भूजलाची इथली जोड त्याला मानवली. ‘कालीपत्ती’ ही जात पट्टाभर पसरली, आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

या बागांच्या इतिहासात इराणी कुटुंबांचे स्थान मोठे आहे. संजाण, उदवाडा या पारशी परंपरेच्या जुन्या जागा इथून जवळ. बोर्डीजवळच्या बहरोटच्या लेण्यांत, संजाण पडल्यावर, पवित्र अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला होता असे ती परंपरा सांगते. पण बागाईतदार इराणी हे त्या मध्ययुगीन आगमनातले नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इराणातली हलाखी आणि धार्मिक जाच सोडून आलेली ही झरतुष्टी कुटुंबे. त्यांच्याबरोबर पारशी, गुजराती आणि मराठी बागाईतदारही होते. परक्या मुलखात येऊन ओसाड जमिनीत बागा उभ्या केल्याची जी अभिमानाची कथा या कुटुंबांत सांगितली जाते, ती खोटी नाही. ती अपुरी आहे.

कारण जमीन ओसाड असली तरी रिकामी नव्हती. डहाणू आणि तलासरी हा वारल्यांचा मुलूख. त्यांच्याबरोबर धोडी, दुबळा, कातकरी, कोकणा या जमाती. ब्रिटिश महसूल पद्धत आणि जंगल कायदा आल्यावर, सावकारी कर्जाच्या वाटेने, वारल्यांच्या हातची जमीन झपाट्याने इतरांकडे गेली. जमीनदारांत अनेक जातिधर्मांचे लोक होते. पद्धत मात्र एकच होती. तिला वेठ म्हणत : मालकाच्या शेतावर, वाडीत, घरात फुकट राबणे. दुसरी पद्धत लग्नगड्याची. लग्नासाठी थोडे कर्ज काढलेल्या वारल्याने बायकोसह सावकाराकडे राबत राहायचे, आणि ते कर्ज कधी फिटायचे नाही.

२३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे या चळवळीचे नेते. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीवरून संप झाला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये ही मागणी होती. ११ ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यामुळे मराठी वाचकाला हा इतिहास माहीत आहे. त्याच मुलखातील इराणी जमीनदार आणि वारली यांच्या नात्यावर अनोश इराणी यांनी २०१० मध्ये ‘डहाणू रोड’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. मराठी पुस्तक वाचणारा आणि मे महिन्यात बोर्डीला जाणारा वाचक बहुधा एकच असतो. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीवरच्या आहेत हे मात्र त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

एका उन्हाळ्याची तीन पंचांगे

वेठ गेली. पण सुट्टीच्या हिशेबात जुनी विभागणी दुसऱ्या रूपाने टिकून आहे. ती पाहण्यासाठी या पट्ट्यातील तीन पंचांगे शेजारी ठेवावीत.

पहिले पाहुण्याचे. त्याची सुट्टी शाळेच्या परीक्षा संपल्यावर सुरू होते आणि पाऊस येईपर्यंत चालते.

दुसरे मच्छीमाराचे. त्याच्या दृष्टीने एप्रिल-मे हे पावसाळ्याआधी हाताशी उरलेले कामाचे दिवस. याच दिवसांत बोंबील आणि इतर मासळी सुकवून पावसाळ्याची बेगमी करायची असते. त्याची विश्रांती जून-जुलैत, यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो तेव्हा. आणि नारळी पौर्णिमेला ती संपते. पाहुणा आणि मच्छीमार यांची सुट्टी कधी एका वेळी पडतच नाही.

तिसरे वारल्याचे. भाताची कापणी झाली, दिवाळी उलटली, की डोंगराकडच्या पाड्यांतली कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर पडतात : वीटभट्ट्या, बांधकामे, वसई-भिवंडीकडचे नाके, गुजरातच्या हद्दीतल्या वसाहती. ती परततात पहिल्या पावसाच्या सुमारास, पेरणीला. म्हणजे शहरातले कुटुंब घर सोडून विश्रांतीला इकडे येते त्याच महिन्यांत इथले कुटुंब घर सोडून कामाला तिकडे गेलेले असते. जे मागे राहतात त्यांतले काही वाडीत राबतात. टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने चिकू उतरवायचे, धुवायचे, आकारावारी निवडायचे, पेट्या भरायच्या. पाहुण्याला ‘बाग दाखवतात’ तेव्हा हे काम त्याच्या पाहण्याचा भाग असते.

वारल्याला सणच नाही, असा याचा अर्थ नव्हे. चैत्री पौर्णिमेला विवळवेढे येथील महालक्ष्मीची जत्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. देवीच्या डोंगरावर ध्वज लावण्याचा मान आदिवासी कुटुंबाकडे आहे. बाहेर कामाला गेलेलेही या जत्रेला परत येतात. ही त्यांची सुट्टी. देवीने दिलेली, मालकाने दिलेली नव्हे. तिचे दिवस मजुरीतून वजा होतात, एवढाच तिच्यात आणि पाहुण्याच्या रजेत फरक.

हा फरक कायद्यातून आला आहे. वाडी ही कारखाना ठरली नाही, म्हणून १९४८ च्या कायद्यातली रजा तिच्या फाटकाशी थांबली. मळ्यांवरच्या मजुरांसाठी १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यात चहा, कॉफी, रबर, सिंकोना आणि पुढे वेलदोडा यांची नावे आली. चिकूचे आले नाही. रजेवर आलेला माणूस आणि त्याची सोय पाहणारा माणूस यांच्यातली रेघ इथे आखली गेली.

ही रेघ ओळखून काम करणारी माणसेही याच मातीत झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये, म्हणजे झरीच्या परिषदेच्याच वर्षी, बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांना मुलाच्या दिवसात सापडले : ते गुरे राखायला जाते. म्हणून कुरणशाळा निघाली. जिथे गुरे तिथे शाळा. शाळेचे वेळापत्रक मुलाच्या कामाशी जुळवण्याचा तो प्रयोग होता. सुट्टीचे वेळापत्रक कामकऱ्याच्या वर्षाशी जुळवण्याचा असा प्रयोग अजून कोणी केलेला नाही.

किनारा ठेंगणा का राहिला

सुट्टीचा शेवटचा आधार दिसत नाही, कारण तो न झालेल्या गोष्टींचा आहे. मुंबईपासून इतक्या जवळ असूनही या किनाऱ्यावर उंच हॉटेलांची भिंत उभी राहिली नाही. स्पेनमधील बेनिडॉर्मशी तुलना केली की याचे महत्त्व कळते. तेही मच्छीमारांचे गाव होते. १९५६ च्या नगररचना आराखड्याने तिथे पर्यटनाच्या शहराचा पाया घातला आणि आज ते गगनचुंबी इमारतींसाठी ओळखले जाते. उत्तर युरोपातून येणाऱ्या कुटुंबाला तिथे स्वस्त सुट्टी मिळाली. गाव मात्र हॉटेलांमागे दिसेनासे झाले.

डहाणूला उलट दिशेचा निर्णय झाला. औष्णिक वीजकेंद्राला मंजुरी मिळाल्यावर स्थानिक बागाईतदार आणि पर्यावरणवाद्यांनी उठवलेल्या आवाजानंतर, २० जून १९९१ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. उद्योगांची हिरवी, नारिंगी, लाल अशी वर्गवारी झाली आणि लाल गटाला मज्जाव झाला. सगळ्या तालुक्यात उद्योगांना मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली गेली. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा ठरला. तलासरी त्यातच येते. अंमलबजावणी होईना, तेव्हा बिट्टू सहगल आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला, आणि त्यातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ५०० मेगावॉटच्या वीजकेंद्राला गंधकाचे वायू रोखणारी यंत्रणा या प्राधिकरणाने बसवायला लावली, आणि १९९८ मध्ये वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव नाकारला.

पाहुण्याने उपभोगलेली शांतता अशी कागदावर, सुनावण्यांमधून घडलेली आहे. अर्थात तिची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. उद्योग नाहीत म्हणून गावात रोजगार नाही, ही तक्रार तालुक्यात ऐकू येते आणि ती खोडून काढता येत नाही. बागाईतदाराला अधिसूचनेने बाग राखून दिली. मजुराला दुसरे काम दिले नाही.

म्हणून आजचा पेच साधा नाही. वाढवण बंदराला प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती दिली, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे ७६,००० कोटी रुपयांचा प्रकल्प, समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव, आणि दहा लाखांच्या घरात रोजगाराचे सरकारी आश्वासन. मच्छीमार विरोधात उभे आहेत. चिंचणी-वाढवण पट्ट्यात घरोघरी दागिन्यांच्या डाय करणारे कारागीरही. आत, तलासरीच्या बाजूला, द्रुतगती महामार्ग आणि वेगवान रेल्वे यांच्या रेषा आदिवासींच्या जमिनींवरून जातात. १९४५ मध्ये ज्या झरीत वेठ मोडली, तो तालुका सुट्टीवर निघालेल्या मोटारी आजही न थांबता ओलांडतात.

या वादात ‘पर्यटन वाचवा’ हा युक्तिवाद वारंवार येतो. तो एकट्याने टिकत नाही. जी सुट्टी मुंबईच्या कुटुंबाला विसावा देते आणि वाडीतल्या मजुराला हंगामी कामापलीकडे काही देत नाही, तिच्या बचावासाठी तो मजूर का उभा राहील? भरावावर नोकरी मिळेल असे कोणी सांगितले तर तो ऐकणारच. फसवणूक होण्याचा धोका पत्करूनही ऐकेल. किनारा राखायचा तर वाडीतल्या कामाला वर्षभराची मजुरी, आठवड्याची सुट्टी आणि वर्षाची पगारी रजा मिळायला हवी, निवासस्थानांच्या उत्पन्नात पाड्यांचा वाटा हवा, आणि भिंतीवर तारपानृत्य रंगवून घेणाऱ्या मालकाने चित्रकाराला त्याचे मोलही द्यायला हवे. जिव्या सोमा म्हशे याच तालुक्यातल्या गंजाडचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या परंपरेची नक्कल आज कितीतरी भिंतींवर फुकट दिसते.

एवढे झाले तर खोलीचे भाडे थोडे वाढेल. रजेचा पगार घेऊन आलेल्या कुटुंबाने ते द्यावे. चिकूचे झाड बहाराला यायला वर्षे घेते आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या फळते. कोणाच्या हातांनी ते लावले आणि कोणाच्या जमिनीवर, याचा हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे.